शोधून वाढलेलं

पळी थांबली. एवढंच झालं. बायकोने पातेल्यात पळी बुडवली आणि ती नेहमीसारखी सरळ वर आली नाही. आत थांबली, बटाटे बाजूला सारले, गाजरं बाजूला सारली, तळाशी जाऊन काहीतरी चाचपलं आणि मग वर आली ती नळी घेऊन. चांगली जाडजूड, मगज भरलेली नळी. ती माझ्या वाडग्यात. पळी पुन्हा खाली गेली, पुन्हा चाचपणी, आणि खांद्याचा एक मऊ, चरबीची कड असलेला तुकडा वर आला. तोही माझ्याच वाडग्यात. वरून रस्सा. मग पोरीला आणि स्वतःला वाढून तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाली, "खा. गार होईल." दुसऱ्या कुठल्या घरात नवऱ्याला असं निवडून वाढलं असतं तर त्याने मिशीला पीळ भरला असता. माझ्या छातीत धस्स झालं. आमच्या घरात असं वाढत नाहीत. असं फक्त एकाच माणसाला वाढतात, आणि तो माणूस मग फार दिवस राहत नाही. मी चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा चळला. आमच्याकडे मटण आठवड्यातून एकदा, माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी. मी लहान होतो तेव्हा वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी. एकच मोठं, जाड बुडाचं पातेलं आणि त्यात सगळं. आधी कांदे तपकिरी होईस्तोवर परतायचे, मग हाडांसकट मटण, मिरी, तमालपत्र. मटण अर्धंमुर्धं शिजलं की बटाटे आणि गाजरं आणि सलगम, आणि अगदी शेवटी कोबीच्या मोठ्या मोठ्या फोडी. भाज्या भरपूर, मटण बेताचं. तोंडं जास्त आणि तुकडे कमी, म्हणून माझ्या आईने एक कायदा केला होता. वाढताना पातेल्यात बघायचं नाही. एकदा तळापासून ढवळायचं, मान खिडकीकडे वळवायची, पळी बुडवायची आणि सरळ वर काढायची. येईल ते ज्याचं त्याचं. कोणाला नळी, कोणाला नुसता कोबी. रडायचं नाही, वाडगे बदलायचे नाहीत, आणि आईने मुद्दाम दिलं असं तर तोंडातून काढायचंच नाही. एकदा माझ्या दादाला लागोपाठ नळी यायला लागली तेव्हा मी भोकाड पसरलं. आईने पळी माझ्या हातात कोंबली. "घे, तूच वाढ. पण बाहेर बघून." मी बाहेर बघून वाढलं आणि नळी पुन्हा दादाच्याच वाडग्यात गेली. आई हसून हसून बेजार झाली. दादा आता लांब राहतो, वर्षानुवर्षं भेट नाही, पण फोन केला की पहिलं हेच विचारतो, काय रे, मिळते का नळी?

लग्न होऊन बायको घरात आली तेव्हा तिला कोणी हा कायदा सांगितला नव्हता. सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आम्हाला वाटायचं सगळं जगच असं वाढतं. पहिल्याच सुट्टीच्या दिवशी आईने कौतुकाने पळी तिच्याकडे दिली, आणि हिचं तेव्हा सगळंच नवीन, माझ्यावरचं प्रेमबिमसुद्धा नवीन. तिने पातेल्यात वाकून वाकून माझ्यासाठी तुकडे निवडले. मी लाजून चूर. दादा गालातल्या गालात हसतोय. आई उठली, सुनेचं मनगट धरलं, माझा वाडगा उचलला आणि सगळाच्या सगळा पातेल्यात उलटा केला. आवाज चढवला नाही, काही नाही. "असं शोधून नाही वाढायचं, बाळा," आई म्हणाली. "असं फक्त जाणाऱ्याला वाढतात." बायको पांढरीफटक पडली. त्या दिवशी ती जेवली नाही नीट, आणि त्यानंतर तिने तो कायदा असा पाळला की आईनेही तिच्यापुढे हात टेकले असते. आई खिडकीबाहेर तरी बघायची, ही डोळेच मिटून घ्यायची. मला बढती मिळाली त्या दिवशी माझ्या वाडग्यात सलगम आणि कोबी. पोरगी तापातून उठली, अंगात हाडं तेवढी उरली होती, तिला आलं गाजर. मी म्हटलं, "अगं, आजच्या दिवस दे की तिला एखादा चांगला तुकडा." तर माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी शिवीच दिली. पोरीच्या वाडग्यात शोधून घालायचं? बायकोच्या जिभेला हाड आहे म्हणून ती गप्प बसली, डोळ्यांनी मात्र तिने मला सोलून काढलं. तीच बाई आज दिवसाउजेडी, उघड्या डोळ्यांनी, पळीने पातेल्याचा तळ धुंडाळत होती, आणि मी समोर बसून बघत होतो.

वडिलांचं मी स्वतः पाहिलंय. ते काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. खोकायचे, पण भट्टीवरचे सगळेच खोकायचे. एका दुपारी आईने पातेलं टेबलावर आणलं, ढवळलं, आणि खिडकीकडे बघायच्या ऐवजी आत बघितलं. एक तुकडा, दुसरा तुकडा, मग नळी. सावकाश, जपून, दुकानात आपण चांगला टोमॅटो निवडतो तसं. वडिलांनी वाडग्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने तेव्हा कुठे खिडकीबाहेर पाहिलं. वडील म्हणाले, "वा, आज चैन आहे!" आणि खायला लागले. सगळं खाल्लं. मगज चोखून काढला, बोटं चाटली, रस्सा पावाने पुसून घेतला. मला काय कळणार, मी आपला जळत होतो. एकाच माणसाला एवढं सगळं! जिन्यात दादाने माझा दंड धरून विचारलं, "बघितलंस?" मी म्हटलं, "हो, आपल्याला काहीच ठेवलं नाही." त्याने मला एक टपली मारली आणि तोंड फिरवून रडायला लागला. मला वाटलं, याला पण नळी हवी होती. थंडी संपायच्या आत वडील गेले. नंतर कधीही मला तो प्रसंग आठवला की मी एकच गोष्ट शोधायचो: त्यांना कळलं होतं का? आणि कळलं असेल तर ते खाल्लं कसं? घशाखाली गेलं कसं? आज तोच वाडगा माझ्यासमोर आहे आणि मला उत्तर अजून सापडलेलं नाही. चमचा जागेवरच पडला होता.

माझ्या डाव्या बगलेत गाठ आहे. लपवण्यासारखं काही नाही. मी बसचा तिकीट तपासनीस, आणि आमच्या आगारात दरवर्षी सगळ्यांची तपासणी होते. यंदा एक पोरगेला डॉक्टर आला होता. त्याने माझा हात वर केला, बोटांनी दाबलं, आणि त्याचं तोंड बारीक झालं. "दुखतं का?" नाही. "कधीपासून आहे?" मला काय माहीत, मी बगलेत बघत बसतो का? मग सुई घालून त्यातलं थोडं काहीतरी काढून घेतलं. "रिपोर्ट येईल. काळजी करू नका." हे वाक्य लोकांना कोण शिकवतं देव जाणे. काळजी करू नका म्हटल्यापासून मी दुसरं काही केलेलं नाही. रिपोर्टसाठी फोन नंबर पोरीचा दिला, कारण अनोळखी नंबर दिसला की मी उचलत नाही. पोरगी चष्म्याच्या दुकानात आहे, तिला लोकांशी फोनवर गोड बोलायची सवय आहे. आणि काल माझी संध्याकाळची पाळी, मी घरीच होतो, तर सकाळी ती कामावर गेलीच नाही. दोघी आवरून बसल्या. बायकोने चांगले कपडे घातले, पायात बंद बूट. "जरा बाहेर जाऊन येतो." दुपार कलल्यावर आल्या. मी विचारलं, "कुठे गेला होतात?" बायको म्हणाली, "बाजारात." हातात पिशवी नाही. कोथिंबिरीची काडीसुद्धा नाही. आणि दोघींच्या हातांना त्या हॉस्पिटलच्या साबणाचा वास.

आता माझा धंदाच हा. सगळी हयात मी लोकांची तोंडं वाचत आलोय. बसमध्ये चढलो की तिकीट मागायच्या आधी मला कळतं कोणाकडे नाही ते. ज्याच्याकडे तिकीट आहे तो माझ्याकडे वैतागून बघतो, आता हा मला खिसे चाचपायला लावणार म्हणून. ज्याच्याकडे नाही तो बाहेर बघतो. त्याला एकदम रस्त्यावरचं सगळं आवडायला लागतं. दुकानांच्या पाट्या, झाडं, कुत्री. आणि काही बिलंदर असतात, ते आपण होऊन गप्पा मारायला येतात, काय साहेब, आज उकाडा फार. आमचा एक ड्रायव्हर आहे, गाडी अशी चालवतो की आम्ही त्याला गोगलगाय म्हणतो. तो म्हणतो, "तू घरी पण असाच बघतोस का रे? बायको कशी नांदते तुझी?" नांदते म्हणजे काय, तिला सवय झाली आहे. तर मी बघितलं. बायको पातेल्याच्या झाकणाकडे बघत होती. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काय, आगाराची भिंत. त्या भिंतीत बघण्यासारखं काय आहे?

"आज नळी मला?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"आली तुम्हाला," बायको म्हणाली.

"आली की काढलीस?"

"अहो, खायला वाढलंय तर खा ना. चौकशा कसल्या करताय, ही काय बस आहे?"

पोरगी हसली. पण ते हसणं अर्ध्यातच मोडलं आणि तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. बायकोने स्वतःला वाढून घेतलं होतं. नुसता बटाटा, जरासा कोबी आणि रस्सा. मटणाचा तुकडा औषधालाही नाही. ती बटाटा चमच्याच्या पाठीने चेचत होती, रश्श्यात कालवत होती, पुन्हा चेचत होती. तोंडात काही घालत नव्हती. मला एकदम भरून आलं. माझ्या काळजीने हिची भूकच गेली, मला वाटलं. गेले कित्येक दिवस मी बघत होतो, ही वाळत चालली आहे. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं आहे, गालांची हाडं वर आली आहेत. सगळं माझ्यापायी. आपल्या वाट्याचंसुद्धा काढून मला घातलं बिचारीने. आणि खरं सांगतो, त्या भीतीतही मला थोडं बरं वाटलं. कोणीतरी आपल्यासाठी असं झुरतंय म्हटल्यावर माणसाला बरंच वाटतं.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. मला भीती वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. मरायची भीती. वाडग्यातून वाफ येत होती आणि तो वास, कांद्याचा, मिरीचा, उकळलेल्या चरबीचा, ज्याने आजवर माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, त्याने मळमळायला लागलं. मी विचार करत होतो, मी नसलो की ही काय करील. लहान पातेलं काढील. हो, तेच करील. हे मोठं पातेलं वरच्या फळीवर जाईल आणि दोघींपुरतं लहान पातेलं खाली येईल. आधी चार दिवस रडतील, मग एका दुपारी कांदे परतायला घेतील, कारण कांदे परतावेच लागतात. मग पोरगी आपल्या वाटेने जाईल, आणि बायको खिडकीपाशी माझ्या खुर्चीत बसून एकटी जेवील. जमेल तिला. बायकांना जमतं. माझ्या आईला जमलं, चांगली म्हातारी होऊन गेली ती. शेगडीचं डावीकडचं बटण अडकतं, ते आधी दाबून मग फिरवावं लागतं, हे फक्त मला माहीत आहे. तेवढं एक तिला दाखवून ठेवलं पाहिजे. गीझरचंही. असं म्हणता म्हणता मला तिचा राग यायला लागला. ही राहणार. ही इथेच, याच टेबलाशी, बटाटे चेचत राहणार, आणि मी नसणार. असा राग करणं बरोबर नाही हे मला कळत होतं. तरी येत होता. मी खुर्ची मागे सरकवली.

"कुठे निघालात?" बायको म्हणाली.

"हात धुवून येतो."

"आत्ताच तर धुतलेत."

बाथरूममध्ये मी कडी लावली, नळ सोडला, शर्टाची बटणं काढली आणि आरशात हात वर केला. गाठ होती तिथेच. बोटाखाली सरकत होती, गुळगुळीत, सोललेल्या लसणीच्या पाकळीएवढी. एवढीशी. हिच्यात एवढं सगळं कसं मावतं? मी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बसमध्ये असं तोंड दिसलं असतं तर मी सरळ जाऊन म्हटलं असतं, चला, दंड भरा. वडिलांचं नाक, आईची हनुवटी, पांढरे खुंट. मी नळ बंद केला. तेव्हा बाहेरचं ऐकू आलं. दार पातळ आहे आमचं, कुजबुजलेलं सगळं ऐकू येतं.

"सांग ना आता त्यांना," पोरगी म्हणत होती.

"जेवू दे आधी. एक जेवण तरी सुखाने होऊ दे."

"आई, किती दिवस असं?"

"अगं, आज आवडीचं केलंय त्यांच्या. जेवू दे म्हटलं ना."

मी टबाच्या कडेवर बसलो. म्हणजे झालंच. शंकेला जागाच उरली नव्हती. मला वाटलं होतं की खात्री झाली की निदान जीव शांत होईल. कसला शांत होतोय. मला तिथे, त्या ओल्या फरशीकडे बघत, वडिलांचं पहिल्यांदा कळलं. त्यांनी खाल्लं ते भूक होती म्हणून नाही. त्यांनी आईसाठी खाल्लं. ती त्यांना सांगू शकत नव्हती, म्हणून तिने वाढलं, आणि ते तिला काही विचारू शकत नव्हते, म्हणून त्यांनी खाल्लं. जमलं त्यांना. मी ठरवलं, आपणही तसंच करायचं. बाहेर जायचं, वा, आज चैन आहे म्हणायचं, आणि खायचं. पुरुषासारखं. बटणं लावली, तोंडावर पाणी मारलं, कडी काढली. टेबलापाशी आलो, बसलो, चमचा उचलला. आणि माझ्या तोंडून निघालं, "काय आलं रिपोर्टमध्ये?" मी वडिलांसारखा नाही. कधीच नव्हतो.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कसला रिपोर्ट?" बायको म्हणाली.

"कसला म्हणजे? माझा. गाठीचा. मला सगळं कळलंय, उगाच नाटकं करू नका. किती दिवस म्हणालेत?"

पोरीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! बाबा, तुम्हाला सांगायचंच राहिलं!"

"काय राहिलं?"

"त्यांचा फोन येऊन गेला. काही नाहीये बाबा, अगदी साधी चरबीची गाठ आहे. त्रास होत नसेल तर काढायचीसुद्धा गरज नाही म्हणाले. अय्यो, मी सांगितलंच नाही का?"

"खरं सांगतेस?"

"अहो, खरं. तुमच्या गळ्याची शपथ," बायको म्हणाली. "तुमचं सगळं ठीक आहे. गडबडीत राहून गेलं बघा."

"राहून गेलं?" मी ओरडलो. "राहून गेलं? हा काय दूधवाल्याचा निरोप आहे? माणूस इकडे मरायला टेकलाय आणि तुमचं राहून गेलं?" पण ओरडता ओरडताच मला हसू फुटलं. जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज झाला असता. खिडकीतून ऊन आत आलेलं होतं ते मला आत्ता दिसलं. आगाराची भिंत दिसली, तिच्यावर कोणीतरी खडूने काढलेलं मांजर दिसलं, आणि मला ते मांजर फार म्हणजे फारच आवडलं. आणि भूक! एकदम कडकडून भूक लागली. मी वाडगा पुढे ओढला. खांद्याच्या तुकड्याला चमचा नुसता लागला तरी तो सुटत होता. गाजर गोड, बटाटा चरबीने माखलेला, कांदा रश्श्यात विरघळून गेलेला, आणि मधूनच दाताखाली येणारी मिरी. मी खात सुटलो. नळी हातात घेतली, तोंडाला लावली आणि मगज ओढून घेतला. तोंड भरलेलं, हनुवटीवरून ओघळ. मी बोलतच होतो. "मला वाटलं आटोपलं माझं. अगं, तू पळीने शोधायला लागलीस, आणि इकडे माझी पाचावर धारण बसली. आईचं विसरलीस का तू? असं फक्त जाणाऱ्याला वाढतात!"

"अगं बाई, ते होय!" बायको म्हणाली. तिचा हात गालावर गेला. "माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही हो. मी तुमच्यासाठी नव्हते शोधत."

"मग?"

"मी बटाटा शोधत होते. विरघळायला आलेला. मटण आड येत होतं, ते तुमच्याकडे काढलं."

"मटण सोडून बटाटा शोधत होतीस?" मी हसलो. खांद्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. पोरगी एकदम उठली आणि आमच्याकडे पाठ करून मोरीपाशी जाऊन उभी राहिली. तिने नळ सोडला. त्याखाली एकही भांडं नव्हतं.

"मला मटण जात नाही आता," बायको म्हणाली.

"जात नाही म्हणजे? नको वाटतं?"

"नको कशाला वाटेल? वास आला की जीव ओढतो, पण गिळता येत नाही." तिने गळ्यापाशी, हाडांच्या मधल्या खळग्यावर बोट ठेवलं. "इथे अडकतं. आधी मटणच अडकायचं, मग पाव अडकायला लागला. आता बटाटासुद्धा चेचून चेचून खावा लागतो. काल त्यासाठीच गेलो होतो आम्ही. नळी घालून बघितलं त्यांनी."

"काय म्हणाले?"

ती पोरीच्या पाठीकडे बघत राहिली. पोरीचे खांदे हलत होते. "बरंच पसरलंय म्हणाले," बायको म्हणाली. तिने चमचा वाडग्याच्या कडेला टेकवला. "उशीर झाला म्हणाले. मी म्हटलं, यांचा रिपोर्ट एकदा येऊ दे, मग आपलं बघू. एका वेळी दोन दोन दुखणी कुठे काढायची."

घास माझ्या तोंडात होता. मऊ, चरबीचा, मघाशी मी हपापून घेतलेला. तो पुढे जाईना. जीभ हलेना. मी जिवंत होतो, ठणठणीत होतो, मला काहीही झालेलं नव्हतं, आणि तो घास तोंडात धरून मी तिच्याकडे बघत होतो. वाळलेलं मनगट, वर आलेली हाडं, चेचलेल्या बटाट्याचा तो पिवळट लगदा. रोज याच टेबलाशी, माझ्या नाकासमोर. एवढा मोठा तोंडं वाचणारा मी. माझ्यासाठी झुरतेय म्हणत होतो. मला तो घास थुंकून टाकायचा होता. मी रुमालाकडे हात नेला.

"टाकू नका," बायको म्हणाली.

मी मान हलवली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"अहो, टाकू नका. सकाळपासून शिजवलंय. चांगलं शिजलंय का नाही तेवढं तरी कळू दे मला. चावा. सावकाश चावा."

मी चावलं.

"आता गिळा."

मी गिळलं. ती पुढे वाकली होती, दोन्ही हात टेबलावर ठेवून, आणि तिचे डोळे माझ्या गळ्यावर होते. घास खाली उतरला तो तिने पाहिला. तिचे ओठ जरासे उघडले होते आणि तिच्याही गळ्याची शीर हलली.

"मीठ बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"अजून एक घ्या," ती म्हणाली. "मला बघू दे."

मी अजून एक घास घेतला.